कॅलिपर मोठा, पण पाईपचं काय?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दहा-पंधरा बाइकमागे एखाद्या पल्सरला केटीएमचा सोनेरी कॅलिपर दिसेल. जुन्या बाजारातून कॅलिपर, ऑनलाइन मागवलेला स्टील-ब्रेडेड पाईप आणि ओळखीचा मेकॅनिक, एवढ्यावर अर्ध्या दिवसात काम होतं. रील आठवड्याभरात.

सध्या विषय तापलाय तो एबीएसमुळे. 125 सीसीच्या वरच्या दुचाक्यांना एबीएस 2019 पासून सक्तीचं आहे. ते सगळ्याच नव्या दुचाक्यांना लावण्याच्या नियमाचा मसुदा केंद्राने जून 2025 मध्ये काढला. कारण उघड आहे. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली आणि त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. आता गंमत बघा (गंमत म्हणायचं, पण आहे भयंकर): सरकार एबीएस लावायला सांगतंय आणि मॉडिफिकेशनच्या नादात काही गाड्यांवर ते चक्क बायपास होतंय. मूळ पाईप लिव्हरकडून एबीएसच्या युनिटमध्ये जातो आणि तिथून कॅलिपरकडे. नवा पाईप थेट लिव्हरपासून कॅलिपरला जोडला की काम सोपं, पण एबीएस बाद.

खरी गडबड होते ती पाईप कसा नेला यात. कॅलिपर बदलला की पाईप जोडायची जागा आणि कोन बदलतो. उभ्या गाडीवर सगळं ठीक दिसतं. पण पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण उतरू द्या, हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. पाईप ताणला जातोय? मग तो आखूड आहे आणि एखाद्या खड्ड्यात तो बोल्टपाशी खेचला जाणार. उलट ढील जास्त ठेवली, तर शॉकअप दबल्यावर पाईपचा फुगा टायरला लागतो. ब्रेडेड पाईपवर कव्हर नसेल तर तो जिथे घासतो तिथे करवतीसारखा कापतो. एबीएस सेन्सरची वायरसुद्धा. पीळ पडलेला पाईपही नको. आणि झिप टायने आवळून बांधणं म्हणजे फिटिंग नव्हे, मूळ क्लिप आणि रबर कशासाठी दिलेत?

बँजो बोल्टचं तर वेगळंच. 10 मिलिमीटरच्या बोल्टचे आटे 1.0 आणि 1.25 अशा दोन मापांत येतात. दिसायला सारखे! चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे बसतो, मग मेकॅनिक जोर लावतो आणि कॅलिपरचे आटे जातात. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे लागतात. किंमत किरकोळ, पण जुनेच परत टाकले तर ब्रेक ऑइल झिरपत राहतं. मोठ्या पिस्टनला ऑइलही जास्त लागतं. मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर लिव्हर जास्त आत येते, म्हणजे खर्च करून ब्रेक उलट ढिला वाटतो. आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली, तर ती काढायला काही गाड्यांना कंपनीचं स्कॅनर लागतं. ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात नसतं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम 52. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी 5 हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता बदल केला असेल तर क्लेमही अडू शकतो.

पण प्रत्यक्षात पकडलं कोण जातं? कर्कश सायलेन्सरवाले. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. आवाज लांबून ऐकू येतो, पाईप वाकून बघावा लागतो. माझ्या मते ही प्राधान्याची चूक आहे. सायलेन्सरने झोप मोडते, पाईप फुटला तर वरंधा घाटाच्या उतारावर पुढचा ब्रेकच जातो. तरी खासगी दुचाकीची पीयूसी दर वर्षी होते आणि फिटनेस तपासणी थेट 15 वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. मधल्या काळात तो पाईप तुमच्याशिवाय कोणी बघत नाही.