पूर्वचरित्र आणि मतपेटी

३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात ज्यूरीने डोनाल्ड ट्रम्प यांना व्यवसायाच्या दप्तरात खोट्या नोंदी केल्याच्या ३४ आरोपांवर दोषी ठरविले. त्यानंतर सुमारे पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, अमेरिकी मतदारांनी त्याच गृहस्थांना पुन्हा राष्ट्राध्यक्षपदी बसविले. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती त्या पदावर निवडून येण्याची अमेरिकेच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ. या निकालावर पुरोगामी वर्तुळांत उमटलेली प्रतिक्रिया एका वाक्यात सांगता येते : मतदाराला नीतीची चाड उरली नाही. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी असली तरी चुकीची आहे. आणि पराभूत पक्षाला आत्मपरीक्षणातून सोडविणारी असल्यामुळे ती घातकही आहे.

मतदार उमेदवाराचा भूतकाळ पाहतच नाही, असे इतिहास सांगत नाही. तो पाहतो, पण सुटा पाहत नाही. या दोषाचा सार्वजनिक कारभाराशी संबंध काय, आरोप करणारा कोण, आणि आपल्या संसाराच्या प्रश्नांवर समोरचा पक्ष काय देणार आहे, या तीन गोष्टींशी ताडून तो त्या भूतकाळाचे वजन ठरवितो.

पहिल्या गोष्टीचे उत्तम उदाहरण १८८४ च्या निवडणुकीचे आहे. डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना विवाहबाह्य संबंधातून अपत्य असल्याचे प्रचार चालू असतानाच प्रसिद्ध झाले. रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांच्यावर आरोप होता तो प्रतिनिधिगृहाच्या सभापतिपदाचा उपयोग रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांतून स्वतःचा लाभ करून घेण्यासाठी केल्याचा; त्यांच्या एका पत्राच्या अखेरीस ते पत्र जाळून टाकण्याची सूचनाही सापडली होती. एकाचा दोष खाजगी, दुसऱ्याचा सार्वजनिक. क्लीव्हलँड यांनी आपल्या सहकाऱ्यांना सत्य सांगण्याचा आदेश दिला, आणि रिपब्लिकन पक्षातील सुधारणावाद्यांचा एक गट पक्ष सोडून त्यांच्यामागे उभा राहिला. निर्णायक ठरलेल्या न्यूयॉर्क राज्यात क्लीव्हलँड सुमारे अकराशे मतांनी विजयी झाले. ब्लेन यांच्या उपस्थितीत एका धर्मोपदेशकाने कॅथलिकांना दुखविणारे उद्गार काढले नसते, तर तेवढेही मताधिक्य राहिले असते की नाही हा प्रश्नच आहे. शिवाय खाजगी आणि सार्वजनिक ही विभागणीही निर्दोष नव्हती. त्या अपत्याच्या मातेने क्लीव्हलँड यांच्यावर शपथपूर्वक केलेले आरोप अत्यंत गंभीर होते. पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तेव्हा स्त्रियांना मतच नव्हते. ज्यांना मत नाही त्यांच्यावरील अन्याय ‘खाजगी’ या सदरात सहज टाकता येतो.

दुसरी गोष्ट, म्हणजे आरोप करणारा कोण, हिचा कडू अनुभव ऑस्ट्रियातील समाजवाद्यांनी १९८६ साली घेतला. दहा वर्षे राष्ट्रसंघाचे सरचिटणीस राहिलेले कुर्ट वाल्डहाइम हे पीपल्स पार्टीतर्फे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. १९४१ मध्ये रशियन आघाडीवर जखमी झाल्यानंतर आपण कायद्याच्या अभ्यासाकडे वळलो, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. मार्च १९८६ मध्ये कागदपत्रे बाहेर आली, आणि त्यांनी नंतरही बाल्कन प्रदेशात जर्मन सैन्यात अधिकारी म्हणून काम केले असल्याचे सिद्ध झाले. तेथे पक्षबंडखोरांच्या पारिपत्याच्या नावाखाली गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली होती. सालोनिकाहून हजारो ज्यू मृत्युछावण्यांकडे रवाना करण्यात आले होते. याहून जड असा भूतकाळ कोणत्या उमेदवाराचा असणार?

परंतु झाले उलटेच. आरोप परदेशी वृत्तपत्रांतून आणि जागतिक ज्यू संघटनेकडून आले, एवढ्या आधारावर वाल्डहाइम यांच्या पक्षाने प्रश्नच फिरवून टाकला. एका माणसाने आयुष्यभर सत्य का लपविले हा प्रश्न मागे पडला. आमचा राष्ट्राध्यक्ष परकीयांनी ठरवावा काय, हा प्रश्न पुढे आला. ‘आता तर मुद्दामच’ अशा अर्थाची घोषणा भिंतींवर झळकली, आणि तिच्याआडून जुना ज्यूद्वेषही उजळ माथ्याने वावरू लागला. शिवाय वाल्डहाइम यांचा बचाव, ‘मी केवळ कर्तव्य केले’, हा त्या पिढीतील असंख्य ऑस्ट्रियन कुटुंबांचाही बचाव होता. त्यांना दोषी म्हणणे म्हणजे स्वतःच्या वडिलांना दोषी म्हणणे. ८ जूनच्या दुसऱ्या फेरीत वाल्डहाइम यांना ५३.९ टक्के मते मिळाली. समाजवादी उमेदवार कुर्ट स्टायरर पराभूत झाले आणि समाजवादी चॅन्सेलर फ्रेड झिनोवात्झ यांनी राजीनामा दिला.

मग ते सत्य बाहेर काढणे व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय इतिहासकारांच्या आयोगाने असा निष्कर्ष दिला की, वाल्डहाइम यांचा युद्धगुन्ह्यांतील व्यक्तिगत सहभाग सिद्ध होत नाही. पण जे घडत होते त्याची त्यांना कल्पना होती आणि त्यांनी ते दडविले. १९९१ मध्ये समाजवादी चॅन्सेलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी नाझी अत्याचारांतील ऑस्ट्रियनांचा वाटा संसदेत मान्य केला. १९९२ मध्ये वाल्डहाइम पुन्हा उभे राहिले नाहीत. सत्याने आपले काम केले. मात्र ते निवडणुकीच्या वेळापत्रकाप्रमाणे केले नाही.

वॉटरगेटचा धडा हाच आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीतील घरफोडी १७ जून १९७२ ची. तरीही त्याच नोव्हेंबरात रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. सेनेटची चौकशी समिती, न्यायालये आणि ध्वनिफिती यांनी पुढील दोन वर्षांत जे सिद्ध केले, त्याने ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. लोकमत बदलले ते संस्थांनी केलेल्या शोधामुळे, प्रचाराच्या गदारोळामुळे नव्हे. ट्रम्प यांच्या बाबतीत त्या संस्थाच पक्षपाती असल्याचे देशातील एका मोठ्या वर्गाच्या मनावर आधीच बिंबविण्यात आले होते. त्यामुळे ज्यूरीचा निर्णयही त्या वर्गाला विरोधकांची एक घोषणा वाटला.

तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार : रोजीरोटी. २००८ मध्ये बराक ओबामा यांच्याविरुद्ध त्यांच्या संबंधांचे भांडवल करण्यात आले. शिकागोतील त्यांच्या चर्चचे धर्मोपदेशक जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांतील जहाल वाक्ये दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखविण्यात आली. साठ-सत्तरच्या दशकांतील क्रांतिकारक गटाचे एक नेते बिल एअर्स यांच्याबरोबर ओबामांनी शिकागोत संस्थांच्या मंडळांवर काम केले, एवढ्यावरून त्यांना दहशतवाद्यांचे सोबती म्हटले गेले. पण १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. ज्याचे घर जप्तीला निघाले आहे आणि नोकरी जाण्याच्या बेतात आहे, त्याला कोण कोणाच्या शेजारी बसला होता यात रस नव्हता. ओबामा विजयी झाले. २०२४ मध्ये हेच तत्त्व उलट दिशेने लागू पडले. जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेलेला महागाईचा दर नंतर खाली आला आणि सरकारने त्याचा डंका पिटला. परंतु महागाईचा दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. २०२१ च्या आरंभी जे भाव होते, त्यापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने अधिक भाव मतदार २०२४ मध्ये मोजत होता. त्याला ३४ आरोपांची यादी ऐकविणे हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

कोणत्या भूतकाळाला कलंक म्हणावे, हेही पुष्कळदा सत्ताच ठरविते. यूजीन डेब्स हे समाजवादी नेते १९१८ मध्ये युद्धविरोधी भाषण केले म्हणून दहा वर्षांच्या शिक्षेस पात्र ठरले. १९२० मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली आणि नऊ लाखांवर मते मिळविली. त्या निवडणुकीत प्रचंड बहुमताने आलेल्या वॉरन हार्डिंग यांच्या मंत्रिमंडळातील अंतर्गत कारभारमंत्री अल्बर्ट फॉल पुढे सरकारी तेलक्षेत्रांच्या पट्ट्यांपायी लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेले. दोषी डेब्सही ठरले आणि फॉलही. ‘दोषी’ या शब्दावर विसंबून राजकारण करणाऱ्या समाजवाद्याने हा फरक कधीही विसरू नये.

भारतात राष्ट्राध्यक्षीय पद्धती नाही. पण लोकसभेची निवडणूक एका व्यक्तीभोवती फिरल्याचा अनुभव येथेही आहे. आणीबाणीतील अत्याचारांची चौकशी करण्यासाठी १९७७ मध्ये शहा आयोग नेमला गेला आणि त्याने ते अत्याचार पुराव्यानिशी मांडले. त्याच काळात जनता पक्ष दुहेरी सदस्यत्वाच्या वादात, म्हणजे आपल्याच घटकांच्या पूर्वसंबंधांच्या वादात, गुंतला होता. वाद तत्त्वाचा होता, आणि समाजवाद्यांनी तो उपस्थित केला हे योग्यच होते. पण जुलै १९७९ मध्ये सरकार गडगडले, भाव भडकले, कांद्याचे दर हा प्रचाराचा विषय झाला, आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा काँग्रेस ३५३ जागा घेऊन परतली. लोक आणीबाणी विसरले होते, असे म्हणणे सोपे आहे. खरे असे की, आणीबाणीच्या आठवणीवर त्यांचे घर चालत नव्हते.

याचा अर्थ चारित्र्याचा प्रश्न सोडून द्यावा असा नव्हे. सार्वजनिक पैशाचा अपहार, सत्तेचा दुरुपयोग, दुर्बलांवरील अत्याचार यांची नोंद पुराव्यासह ठेवली पाहिजे, ती न्यायालयांत आणि विधिमंडळांत नेली पाहिजे, आणि मतपेटीने साथ दिली नाही म्हणून ती टाकून देता कामा नये. पण प्रतिपक्षाचा भूतकाळ हाच ज्या पक्षाचा कार्यक्रम होतो, त्याच्याजवळ मतदाराच्या भविष्याविषयी बोलण्यासारखे काही नाही, असा अर्थ मतदार घेतो. आणि तो बहुधा बरोबर असतो. कार्यकर्ता ज्या दारात उभा राहतो, तेथे पहिला प्रश्न मजुरीचा, धान्याचा आणि मुलाच्या नोकरीचा असतो. त्याचे उत्तर त्याच्यापाशी असेल, तर उमेदवाराच्या पूर्वचरित्राची गोष्टही त्या घरात शांतपणे ऐकून घेतली जाईल.