काटकपणाची सबब

जवानाला सारे चालते, असा एक समज आम्हां नोकरदार मंडळींत रूढ झाला आहे. जो बर्फात उभा राहतो, त्याचे मोडक्या डब्यात चार दिवस बसल्याने काय बिघडणार? हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. आणि तो करणारे गृहस्थ बहुधा स्वतःची जागा आधी आरक्षित करूनच तो करीत असतात.

जून २०२५ मध्ये सीमा सुरक्षा दलाचे सुमारे १,२०० जवान अमरनाथ यात्रेच्या बंदोबस्तासाठी त्रिपुरातून जम्मूकडे निघावयाचे होते. देशाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाण्याचा हा प्रवास. त्यासाठी जी गाडी आली तिच्या खिडक्या फुटलेल्या, बैठका मोडलेल्या, शौचालये घाणेरडी आणि डब्यांत झुरळांचा संचार! जवानांनी तीत पाऊल ठेवण्याचे नाकारले. ती दृश्ये देशभर पसरली, दुसरी गाडी मिळाली, रेल्वेचे चार अधिकारी निलंबित झाले. निलंबन योग्यच होते. परंतु 'जवानांसाठी हे डबे चालतील' असे कोणास तरी वाटले असलेच पाहिजे. हेच डबे अधिकाऱ्यांच्या एखाद्या परिषदेसाठी लावण्याचे धाडस कोणी केले असते काय?

याहून दारुण उदाहरण १४ फेब्रुवारी २०१९ चे. बर्फामुळे जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडला होता. रजेवरून परतणारे जवान जम्मूस साचत गेले. रस्ता खुला होताच ७८ वाहनांच्या एकाच ताफ्यातून अडीच हजारांवर माणसे निघाली. पुलवामाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. मारेकऱ्यांचा अपराध कोणत्याही कारणाने हलका होत नाही, हे सांगावयास नकोच. परंतु त्याच महिन्याच्या २१ तारखेस गृहखात्याने शिपायापासून सहायक उपनिरीक्षकापर्यंत सर्वांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर या मार्गांवर विमानप्रवासाची मुभा दिली. जे सातव्या दिवशी शक्य झाले, ते आठ दिवस आधी अशक्य का होते? प्रवासभत्त्याचे नियम आमच्या वाचकांस तोंडपाठ आहेत. वेतनस्तर ६ पासून विमान. आणि शिपाई असतो स्तर ३ वर. धोका मात्र स्तर पाहून येत नाही.

खर्चाचे गाऱ्हाणे आम्हांस ठाऊक आहे. घाईने हजारो माणसे हलवावयाची तर थोडी गैरसोय व्हावयाचीच, हेही मान्य. झोजीला चढताना हाडे खिळखिळी होतात, लेहला पोहोचल्यावर विरळ हवेत धाप लागते; ते कष्ट हिमालयाने लादलेले आहेत आणि जवान ते निमूटपणे सोसतो. फुटकी खिडकी हिमालयाने लादलेली नाही. ती आळसाने लादलेली आहे, आणि वर त्या आळसास आम्ही 'जवानाचा काटकपणा' असे गोंडस नाव देतो! पानिपतावर भाऊंचे सैन्य उपाशीपोटी लढले याचे पोवाडे गाण्यात आम्हां मराठी लोकांस मोठी हौस. रसद का तुटली हे विचारण्याची तेवढी नाही.

आमची मागणी साधी आहे. रवानगीच्या आदल्या दिवशी त्या तुकडीच्या प्रमुखाने डबे आतून पाहावेत. नापसंत असल्यास ते परत पाठविण्याचा लेखी अधिकार त्यास असावा. आणि ज्या अधिकाऱ्याने ते डबे योग्य म्हणून सही केली असेल, त्याने त्याच गाडीतून, त्याच बाकावर, निदान पहिली रात्र काढावी.