प्रोटीनचे डबे आहेत, एईडी कुठाय?

परवा जिममध्ये नाव घालायला गेलो. आधी फॉर्म पुढे आला: 'काही झाल्यास जबाबदारी माझी.' झालं यांचं रिस्क मॅनेजमेंट! काउंटरवरच्या पोराला विचारलं, "एईडी आहे का?" तर म्हणे, "सर, कुठल्या फ्लेवरमध्ये?"

बाबा रे, बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र ते.

ऑगस्ट २०२२ मध्ये राजू श्रीवास्तव दिल्लीत ट्रेडमिलवर कोसळला, सप्टेंबरात गेला. लगेच लोक म्हणायला लागले, जिमच वाईट. साफ चूक! हृदय घरीही बंद पडतं. पण सीपीआर नसेल तर शॉकला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. पुण्याच्या ट्रॅफिकमधून १०८ची गाडी कधी पोचणार? तोवर मिनिटाला १००-१२० वेळा, किमान ५ सेंमी खोल छाती दाबणं किती ट्रेनरना येतं?

सर्व्हरला बॅकअप नसला की आपण ऑफिस डोक्यावर घेतो. इथे मात्र एकुलता एक सर्व्हर छातीत घेऊन निमूट पळतो.

डिस्काउंट नंतर मागा, आधी एईडी मागा. मी मागितलं. "बघतो" म्हणाले. तोवर फी माझ्याच खिशात.