पद भरले जाते, माणूस टिकत नाही

प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदांचा विषय विधिमंडळात वरचेवर निघतो आणि त्याचे उत्तरही एव्हाना सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. इतकी पदे मंजूर, इतकी भरलेली, उर्वरित पदे भरण्याची कार्यवाही सुरू. वृत्तपत्रे रिक्त पदांचा आकडा मथळ्यात छापतात व विषय तेथेच थांबतो. आम्हांस मात्र 'भरलेली' हा शब्द अधिक विचार करण्याजोगा वाटतो. कागदावर भरलेल्या पदावरील व्यक्ती रात्री दहा वाजता, पावसाळ्यात, ओढ्याला पाणी आलेले असताना त्या केंद्रात असते काय? प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे.

आपल्या देशातील प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना 1946 साली भोर समितीने आपल्या अहवालात मांडली. पुढे निकष ठरले ते असे: सपाट प्रदेशात 30 हजार लोकवस्तीमागे एक केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात 20 हजारांमागे एक, त्याखाली अनुक्रमे 5 हजार व 3 हजार लोकांमागे एक उपकेंद्र. महाराष्ट्रात आज 1,800 हून अधिक ग्रामीण केंद्रे आणि साडेदहा हजारांच्या आसपास उपकेंद्रे आहेत. म्हणजे सांगाडा बराचसा उभा आहे. इमारती आहेत, फलक आहेत, बहुतेक ठिकाणी शीतपेटीत लसीही आहेत. उणीव आहे ती मुक्कामी राहणाऱ्या माणसांची.

ही उणीव किती महाग पडते हे पालघर जिल्ह्यातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे 1992 साली झालेल्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले होते. त्यानंतर योजना आल्या, भरारी पथके आली, त्या पथकांत मानधनावर डॉक्टर नेमण्यात आले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हाही झाला. तरीही जव्हार-मोखाड्याचा अत्यवस्थ रुग्ण नाशिक किंवा ठाण्याच्या वाटेलाच लागतो. ऑगस्ट 2023 मध्ये ठाणे महानगरपालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले. दोन्ही ठिकाणी चौकशीची व औषधांच्या टंचाईची चर्चा झाली, ती रास्तच होती. परंतु या मोठ्या रुग्णालयांच्या दारात इतकी गर्दी का होते, यावर फारसे कोणी बोलले नाही. खालच्या पायरीवर माणूस नसला की सगळा भार वरच्या पायरीवर येतो, आणि रुग्ण तेथे पोहोचतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

आता केंद्राच्या आत डोकावून पाहू. एकाच छपराखाली तीन-चार मालकांची माणसे काम करतात. वैद्यकीय अधिकारी राज्य शासनाचा. आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक जिल्हा परिषदेचे. काही परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे, ठरावीक मुदतीच्या करारावर. सफाई कामगार व रुग्णवाहिकेचा चालक अनेकदा ठेकेदाराचा. शेजारी शेजारी बसून सारखेच काम करणाऱ्या दोन परिचारिकांपैकी एकीला निवृत्तिवेतनाची शाश्वती व दुसरीला पुढील वर्षाच्या नेमणुकीचीही खात्री नाही. अशा ठिकाणी कोण टिकेल? शहरातल्या खासगी रुग्णालयाचे किंवा आखाती देशाचे बोलावणे आले की करारावरील बाई निघते, आणि तिला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. आपल्याच धर्मग्रामांतील किती मुली परिचारिका होऊन आखातात गेल्या, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. त्यांच्या पाठवलेल्या पैशांवर घरे उभी राहिली आहेत.

आशा सेविकांची गोष्ट तर याहून विचित्र. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा हजार लोकवस्तीमागे गावातीलच एक स्त्री 'स्वयंसेविका' म्हणून निवडावयाची ठरले. स्वयंसेविका म्हणून वेतन नाही, कामागणिक मोबदला. महाराष्ट्रात त्यांची संख्या 70 हजारांच्या घरात आहे. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जाहीर गौरव केला. त्याच आशा 2023 च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा 2024 च्या आरंभी मानधनवाढीसाठी संपावर होत्या, आझाद मैदानावर बसल्या होत्या. वाढ जाहीर झाली होती. तिचा शासन निर्णय निघावा एवढ्यासाठी दुसऱ्यांदा संप करावा लागला. व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर सर्वांत जास्त टिकून राहिलेली हीच स्त्री आहे, कारण तिचे घर त्याच गावात आहे. तिच्या या टिकण्याचा शासनाने गैरफायदा घेतला, असे म्हणणे कठोर वाटेल. आम्ही ते म्हणतो.

भरतीची कथाही फार अभिमानाची नाही. आरोग्य विभागाची 'क' व 'ड' गटांची परीक्षा सप्टेंबर 2021 मध्ये आयत्या वेळी पुढे ढकलण्यात आली, ऑक्टोबरात झाली, प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले, विभागातीलच अधिकाऱ्यांना अटक झाली आणि अखेरीस ती रद्द करावी लागली. त्यानंतर सुमारे 11 हजार पदांची जाहिरात निघाली ती 2023 च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात कोरोना साथीत राबलेले कंत्राटी कर्मचारी घरी गेले आणि परीक्षेची तयारी केलेल्या कित्येक मुलामुलींची वये वाढली.

डॉक्टरांसाठी राज्याजवळ एक हुकमी उपाय आहे, तो म्हणजे बंधपत्र. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यावी, न दिल्यास 10 लाख रुपये भरावे. या अटीत आम्हांस अन्याय दिसत नाही. समाजाच्या पैशाने शिक्षण झाले आहे. मात्र एका वर्षाच्या बंधनातून हजेरी मिळते, जिव्हाळा मिळत नाही. तरुण डॉक्टर केंद्रात येतो तो पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पुस्तके घेऊनच. गावाची ओळख होते न होते तोच वर्ष संपते व खुर्ची पुन्हा नव्या माणसाची वाट पाहते. मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला दर वर्षी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सारे सांगावे लागते. त्यात प्रतिनियुक्ती नावाचा एक सोयीचा मार्ग आहे: पद मोखाड्याचे, पगार मोखाड्याच्या नावे, काम मात्र जिल्ह्याच्या गावी. आकडेवारीत ते पद भरलेलेच दिसते.

मग माणसे टिकतात तरी कशी? याची उत्तरे अज्ञात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली या विषयावर शिफारशी केल्या आणि 2021 मध्ये त्या सुधारून पुन्हा मांडल्या. त्यांतील सर्वांत ठळक शिफारस साधी आहे: ग्रामीण भागात वाढलेल्या मुलामुलींना प्रशिक्षणात प्राधान्य द्या, ती परत येण्याची शक्यता अधिक असते. थायलंडने 1970 च्या दशकापासून सक्तीची सेवा लावली, पण तिच्या जोडीला स्थानिक मुलांना निवडणे, त्यांना जवळपासच शिकविणे व दुर्गम भागासाठी वाढीव भत्ता देणे हेही केले. तमिळनाडूने ग्रामीण सेवा केलेल्या शासकीय डॉक्टरांना पदव्युत्तर जागांत वाटा दिला. अशी तरतूद करण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये मान्य केला आहे. जो डॉक्टर एरवी केंद्रात बसून पळवाट शोधतो, त्याला तेथे तीन वर्षे थांबण्याचे कारण मिळते.

आणि फार दूर जावयाचे कारणही नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली काम सुरू केले, ते गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर व दलित समाजातील स्त्रियांना हाताशी धरून. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या आरोग्यदूतांना नवजात बालकाची घरीच काळजी घ्यावयास शिकविले. त्याचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि जगाने त्यांची नोंद घेतली. ही थोर माणसे आहेत खरी, परंतु शासनाने त्यांच्यापासून त्याग शिकावा असा आमचा आग्रह नाही. प्रत्येक केंद्रात आरोळे मिळणार नाहीत, आणि त्यागावर चालणारी व्यवस्था त्यागी माणसाबरोबरच निवृत्त होते. शिकण्यासारखी गोष्ट आहे ती निवडीची: त्यांनी माणूस गावातून घेतला.

राहता राहिला निवासाचा प्रश्न, जो आम्हांस सर्वांत दुर्लक्षित वाटतो. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे असा नियम आहे. 2019 साली तर जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी ग्रामसभेच्या ठरावाची अट आली. परंतु निवासस्थानाचे छप्पर गळते, पाणी येत नाही, पतीची किंवा पत्नीची नोकरी दोन तालुके पलीकडे, मुलांना शाळा नाही, आणि रात्री एकट्या परिचारिकेच्या दारावर मद्यपी धडका मारतात. मग घरभाडे भत्ता घेऊन पन्नास किलोमीटरवरून ये-जा सुरू होते व ठरावावर सह्याही होतात. बदल्या तर आम्हां धर्मगुरूंच्याही होतात. पण नव्या धर्मग्रामात पाऊल टाकताना डोक्यावर छप्पर आणि ताटात जेवण तयार असते, हे विसरून इतरांना उपदेश करणे आम्हांस शोभणार नाही.

येथे गावाच्या हाती काही आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी व स्थानिक सदस्य असतात. अभियानाच्या आरंभीच्या निकषांप्रमाणे समितीचा निधी, देखभाल अनुदान व अबंधित निधी मिळून केंद्रामागे वर्षाला 1 लाख 75 हजार रुपयांची तरतूद होती. रक्कम मोठी नाही, परंतु परिचारिकेच्या खोलीचे कौल, दाराची कडी आणि आवारातला दिवा यांना ती पुरते. ज्या वाचकांच्या गावी केंद्र आहे त्यांनी या समितीची शेवटची बैठक केव्हा झाली व निवासस्थानावर किती खर्च झाला, हे पुढील ग्रामसभेत विचारावे. मुक्कामाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी ती खोली एकदा उघडून पाहावी.