शर्यतीसाठी लढलो, फडासाठी कोण?

कला हा भरल्या पोटाचा छंद आहे, असे मानणाऱ्या सुशिक्षितांनी चैत्राच्या तोंडावर नारायणगावला एक फेरी मारावी. तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, घासाघीस होते आणि ग्रामदैवताच्या यात्रेची सुपारी ठरते. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने देवाच्या उत्सवातून कलेला कधी वगळले नाही. ज्या पिढ्यांच्या हाती पोथी आली नाही, त्यांना हरिश्चंद्राचे सत्त्व आणि शिवकाळाचा पराक्रम वगातून कळला. गणाने आरंभ होणारा, गवळणीत कृष्णाची लीला रंगवणारा हा खेळ अश्लील ठरवणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने तो किती वेळा पुरता पाहिला आहे?

परंतु दोष केवळ शहराचा नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या येथल्या मातीचे भूषण. खेळ चालू असताना त्या आत गेल्या, प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या निष्ठेपुढे मस्तक नमतेच. पण दिवस भरलेल्या स्त्रीला पोटासाठी घुंगरू बांधावे लागले, यात आपण अभिमान बाळगावा असे काय आहे? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे विवंचनेत गेली. 2002 साली त्या निवर्तल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो हवाच. पण पावसाळ्यात फड बंद असताना उचल घेऊन दिवस काढणाऱ्या ढोलकीवाल्याची चूल त्याने पेटत नाही.

बैलगाडा शर्यतीवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा हेच दोन तालुके पेटून उठले. आंदोलने झाली, विधिमंडळात कायदा झाला, 2021 साली शर्यतींना अनुमती मिळाली आणि 2023 साली घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. परंपरेसाठी लढण्याचे हे बळ स्वागतार्हच आहे. मात्र 2020 च्या गुढीपाडव्यालाच देशभर टाळेबंदी लागू झाली, यात्रा रद्द झाल्या आणि फडांचा ऐन हंगाम बुडाला, तेव्हा हे बळ कोठे होते? सकाळी घाटात गाडा आणि रात्री तमाशा, अशी एकाच यात्रेची ही दोन अंगे. एकाला बैलाचा मालक होता, दुसऱ्याला वाली नव्हता. फडातील बहुतेक कलावंत ज्या जातींतून आले, त्यांना गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, हेही येथे स्पष्टच सांगितले पाहिजे.

ठरलेली बिदागी खेळ संपताच पुरती द्यावी. डीजेच्या भिंतींसाठी गावाकडे पैसा असतो, तेव्हा ही सबब चालणार नाही. फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा सुटते; त्यांच्यासाठी हंगामापुरती निवासाची सोय गावांनी मिळून करावी. यात्रेच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी हे दोन विषय मांडावेत. बैठक बहुधा देवळातच असते.