दुर्बलतेची कबुली कीं सबब ?

ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ आला, कीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक जुना आक्षेप नव्यानें ऐकूं येतो. भस्म-बुधवारापासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस ‘मी दुर्बळ, मी पापी’ असें घोकणारा मनुष्य अखेर दुर्बळच व्हावयाचा, हा तो आक्षेप. ख्रिस्ती नीति दुबळ्यांच्या सुप्त द्वेषांतून जन्मली, असें नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञानें १८८७ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें. आमचे आक्षेपक बहुधा त्याचीच री ओढतात. आक्षेप चमकदार खरा. परंतु ज्या व्रतावर तो घेतला जातो, त्याचा इतिहास त्यांनीं पाहिलेला दिसत नाहीं.

प्राचीन ख्रिस्तमंडळींत घोर व उघड पाप करणाऱ्यासच भस्म लावीत. उपवासकाळाच्या आरंभीं त्याला मंडळीपासून वेगळें काढीत, आणि प्रायश्चित्त पुरें झाल्यावर ईस्टरपूर्वींच्या गुरुवारीं परत घेत. पुढें ही प्रथा मागें पडली. तिच्याबरोबर भस्मही जावयाचें. पण झालें उलटेंच. १०९१ सालीं बेनेव्हेंतोच्या धर्मसभेनें तें सर्वांनींच लावून घ्यावें असें ठरविलें. धर्मगुरु काय, गृहस्थ काय, कोणाचेंच कपाळ सुटलें नाहीं. पापी आणि पुण्यवान अशा दोन जाती पाडण्याची सोयच या व्रतानें काढून घेतली. यांत द्वेष कोणाचा, आणि कोणाविषयीं ?

हें व्रत ज्या कथेकडे नेतें तींत पेत्र आहे. सगळ्यांनीं सोडलें तरी मी गुरूला सोडणार नाहीं, अशी प्रतिज्ञा त्यानें केली. आणि त्याच रात्रीं एका दासीच्या साध्या बोलण्यानें तो डळमळला. कोंबडा आरवण्यापूर्वीं त्यानें तीन वेळां गुरूची ओळख नाकारली. पेत्राला भ्याडपणानें फसविलें, त्याहून अधिक फाजील आत्मविश्वासानें फसविलें. आपण कोठें मोडूं हें ठाऊक असतें, तर त्या शेकोटीजवळ तो इतका बेसावध उभा राहता ना. रडून उठलेला पेत्रच पुढें मंडळीचा आधार झाला, आणि परंपरा सांगते कीं नीरोच्या काळीं रोममध्यें त्यानें मरण पत्करलें. दुर्बलता ओळखल्यानें मनुष्य दुबळा होतो, या सिद्धान्ताशीं हें उदाहरण कसें जुळवावें, तें आक्षेपकांनींच सांगावें.

मात्र एक आक्षेप खरा आहे, आणि तो या विद्वानांनीं घेतलेलाच नाहीं. दुर्बलतेची भाषा अधिकाऱ्याच्या तोंडीं गेली, कीं तिची सबब होते. २००२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत उघडकीस आलें, कीं मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना त्यांचे वरिष्ठ वर्षानुवर्षें एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्यें हलवीत आले होते. अशा ठिकाणीं ‘मनुष्य दुर्बळ आहे’ असें म्हणणें म्हणजे पीडितांवर दुसरा अन्याय करणें होय. प्राचीन मंडळीनें क्षमा दिली ती प्रायश्चित्तानंतर आणि सर्वांसमक्ष. भस्म कपाळावर लावतात तें दिसावें म्हणून. गुन्ह्यावर घालावयाचें तें पांघरूण नव्हे.

कबुली आणि सबब यांतील भेद ओळखणें अवघड नाहीं. कबुली देणारा ‘मीं केलें’ म्हणतो व झालेल्या इजेची भरपाई करूं लागतो; सबब सांगणारा ‘सारींच माणसें अशीं’ म्हणून स्वतः मोकळा होतो. म्हणून उपवासांत मांस सोडलें कीं मिठाई, याची मोजदाद फारशी कामाची नाहीं. चाळीस दिवसांनंतर ज्यानें हाताखालच्या माणसाची चूक थोड्या ममतेनें पाहिली, आणि स्वतःची चूक आडपडदा न ठेवतां सांगितली, त्याचा उपवास घडला. आक्षेपकांनीं त्याला खुशाल दुबळा म्हणावें. एवढें बळ त्यांच्यापैकीं कितीजणांना साधेल, हें मात्र त्यांनीं आपल्या मनाशीं विचारून पाहावें.