गॅसचा वास आला तर...



जुन्या चाळी जाऊन इमारती उभ्या राहत आहेत. अनेक घरांत सिलिंडरच्या जागी पाइपचा गॅस आला आहे. सोय झाली, पण गॅस गळू लागला तर काय करावे, हे घरात किती जणांना ठाऊक असते? स्वयंपाक बाईने करायचा आणि गॅसचे बिघडले की 'हे आल्यावर बघतील' म्हणायचे, अशी रीत दिसते. गळती कुणाची वाट पाहत नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तेव्हा वास आला की भास समजू नये. सायंकाळी वंदनेच्या वेळी विशेष जपावे, कारण अगरबत्तीच्या सुगंधात हा वास दबतो. शंका येताच मेणबत्ती, अगरबत्ती विझवावी. वंदना नंतरही करता येते.

शेगडीची बटणे आणि पाइपचा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण लावू नये, बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. खाली निजलेल्या मुलांना व वृद्धांना आधी बाहेर न्यावे. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. फोन बाहेर गेल्यावरच करावा. सिलिंडरसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइपच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो. तो दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

सांध्याला साबण किंवा चिकटपट्टी लावणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. कंपनीचाच माणूस बोलवावा, त्याचे ओळखपत्र पाहावे. काम झाल्यावर सांध्यांना साबणाचा फेस लावून दाखवायला सांगावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नये. पाइपच्या गॅसचे मीटर सर्व बटणे बंद असताना फिरत असेल, तरी गळती समजावी. शेगडीची रबरी नळी मुदत संपण्याआधी बदलावी.

समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या लेकी-सुनांना ठाऊक असणे, हीसुद्धा प्रगतीच होय. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर महिला मंडळाने याची माहिती एकमेकींना द्यावी, अशी आमची विनंती आहे.